टिपूच्या महालाचं लाकूड आणि उटीचं चर्च

एखाद्या इबादतगाहीचा दगड, लाकूड किंवा घंटा कुठून आली, यावरून ती आज कोणाची हे ठरवायचं का? आपल्या देशात या प्रश्नाचं उत्तर सध्या न्यायालयात, टीव्हीच्या चर्चेत आणि मोबाईलच्या स्टेटसवर शोधलं जातंय. उत्तर काय यावे हे बहुतेकांनी आधीच ठरवून टाकलंय. आपली इबादतगाह असेल तर एक उत्तर, दुसऱ्याची असेल तर दुसरं. हा लेख त्या दुटप्पी मापाबद्दल आहे आणि त्यातलं एक टोक आपल्याकडेही आहे, म्हणून तो प्रामुख्याने आपल्याच लोकांसाठी लिहितोय.

निमित्त आहे तमिळनाडूतल्या उटीचं सेंट स्टीफन्स चर्च. जानेवारीत दोन दिवस तिथे होतो. फोटो काढायचा नाद जुना आहे. डोंगरातल्या गावाचे फोटो काढायचे तर पहाट गाठावी लागते. एकदा पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या की गाव गाव राहत नाही. फजरची नमाज खोलीवरच अदा केली, कानटोपी घातली आणि कॅमेरा गळ्यात अडकवून निघालो. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. निलगिरीच्या पानांचा वास, कुठेतरी पेटलेल्या शेकोटीचा धूर, आणि चढावर धुक्यातून हळूहळू दिसू लागलेली फिकट पिवळ्या रंगाची इमारत.

हे चर्च नीलगिरीतल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक. मद्रासचा गव्हर्नर स्टीफन लशिंग्टन याच्या काळात, १८२९च्या एप्रिलमध्ये, त्याची पायाभरणी झाली. आराखडा कॅप्टन अंडरवुड या लष्करी अधिकाऱ्याचा. नोव्हेंबर १८३० मध्ये कलकत्त्याचे बिशप टर्नर यांनी ते धार्मिक विधीने पवित्र केलं आणि १८३१च्या ईस्टरला ते लोकांसाठी खुलं झालं. इथपर्यंतची हकिकत इंग्रजांनी वसवलेल्या कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणी ऐकायला मिळते. पुढची मात्र फक्त इथली आहे. नीलगिरीच्या माथ्यावरचं शोला जंगल बुटक्या, वाकड्या झाडांचं. मोठ्या छताला लागणाऱ्या लांब, सरळ तुळया तिथे मिळणं अवघड. मग तुळया आणल्या श्रीरंगपट्टणहून. तिथे टिपू सुलतानचा लालबाग राजवाडा होता. त्याचं लाकूड उतरवलं गेलं आणि शंभराहून अधिक किलोमीटर, हत्तींकरवी ओढत, दोन हजार मीटरहून उंच असलेल्या या माथ्यावर आणलं गेलं. सुलतानाच्या महालाचं छत ज्यांनी पेललं, त्या तुळया आज चर्चचं छत पेलतायत. दोनशे वर्षं होत आली.

मी इमारतीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मागे टेकडीच्या उतारावर कबरस्तान आहे. शेवाळलेले क्रूस, कललेले दगड, इंग्रजी नावं. उटी वसवणारा कोइम्बतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन याची पत्नी आणि मुलगी इथेच दफन आहेत. साम्राज्याचे नोकर म्हणून आलेल्या माणसांनी आपली बायका-मुलं परक्या मातीत ठेवली. कबरीपुढे उभं राहिलं की विजेता आणि पराभूत हे शब्द थोडे हलके होतात. आपल्या सवयीने मी मनातल्या मनात सलाम केला आणि फोटो काढले.

तेवढ्यात माणसं येऊ लागली. रविवार होता. स्वेटर घातलेली लहान मुलं, डोक्यावर पदर घेतलेल्या आजी, हातात बायबल धरलेले एक वयस्कर गृहस्थ. आपसात बोलत होती ती तमिळमध्ये. दार उघडणाऱ्या सेवकाला मी आत येऊ का म्हणून विचारलं. त्याने माझ्या दाढीकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, या भाई, प्रार्थना सुरू व्हायला वेळ आहे. आत गेलो. वर काळपट लाकूड होतं. मी ते बघत राहिलो. त्याच्या लक्षात आलं असावं. टिपू, असं एवढंच म्हणून त्याने बोट वर केलं आणि मेणबत्त्या लावायला निघून गेला. त्याच्या बोलण्यात ना अभिमान होता, ना संकोच. घरातली एखादी जुनी वस्तू कुठून आली हे आपण पाहुण्याला सांगतो, तसं त्याने सांगितलं.

आत लोक डोळे मिटून बसले होते. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. माझ्या मशिदीत सजद्यात गेलेल्या माणसाचा फोटो कोणी परक्याने विचारल्याशिवाय काढला तर मला आवडणार नाही. म्हणून त्या तुळयांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पण तिथून जो प्रश्न घेऊन बाहेर पडलो, तो इथे मांडतोय.

त्या लाकडावर आता कोणाचा हक्क?

सोपं आणि भावनिक उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ४ मे १७९९ रोजी टिपू लढताना मारला गेला. त्यानंतर श्रीरंगपट्टणची जी लूट झाली, तिचे तुकडे जगभर विखुरले. त्याचं सिंहासन मोडून वाटून घेतलं. ग्रंथालयातली सुमारे दोन हजार हस्तलिखितं उचलली गेली. इंग्रज शिपायाच्या अंगावर बसलेला त्याचा लाकडी वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हा उटीतलं लाकूडही लुटीचंच. आपल्यातल्या एखाद्या तरुणाला हे कळलं तर त्याचं रक्त तापेल. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याने पुढचं पूर्ण ऐकावं.

एक तर, टिपूचा इतिहास आपल्या स्टेटसवरच्या तलवारीएवढा सोपा नाही. १७८४ साली त्याने कानरा भागातल्या हजारो कॅथोलिक ख्रिश्चनांना, इंग्रजांना मदत केल्याच्या संशयावरून, पकडून श्रीरंगपट्टणला नेलं. त्यांची चर्च पाडली गेली. वाटेत आणि कैदेत अनेक जण मेले. मंगळूरच्या ख्रिश्चनांच्या घराघरांत ती आठवण आजही सांगितली जाते. याच टिपूने १७९१ मध्ये शृंगेरीचा मठ मराठी फौजेसोबतच्या पेंढाऱ्यांनी लुटल्यावर तिथल्या स्वामींना आदराची पत्रं लिहिली आणि मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठवली. ती पत्रं १९१६ साली मठात सापडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टिपूला राक्षस ठरवणारे पहिली सांगतात आणि दुसरी गिळतात. आपण दुसरी सांगतो आणि पहिली गिळतो. ज्याच्या राज्यात चर्च पाडली गेली, त्याच्याच महालाच्या लाकडावर एक चर्च उभं आहे, हा नियतीचा न्याय आहे असं कोणी म्हणेल. मला तसं म्हणायचं नाही. मला एवढंच दिसतं, की एका तुळईमध्येसुद्धा एकाच समाजाची वेदना मावत नाही.

दुसरं म्हणजे, हिशेब मांडायचाच तर टिपूपाशी थांबता येणार नाही. उटी या नावातला ‘मंड’ म्हणजे तोडा आदिवासींची वस्ती. त्या माथ्यावरच्या कुरणांत तोडांच्या म्हशी चरत होत्या. १८१९ मध्ये सुलिव्हन तिथे पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांत बंगले, तळं, बाग आणि चर्च उभं राहिलं. सुलतानाचं लाकूड आणि गव्हर्नरचं चर्च यावर आपण तावातावाने बोलतो, तेव्हा खालची जमीन कोणाची हे कोणी विचारत नाही. तोडांकडे ना सुलतान होता, ना गव्हर्नर. ज्याच्या बाजूने बखर लिहिणारा नाही, त्याचा दावाही कोणी दाखल करत नाही.

तिसरी गोष्ट घराजवळची आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली मरियम कोरलेली आहे. वसईचा ख्रिश्चन समाज मराठी बोलतो, मराठीत लिहितो, आणि त्या घंटा परत द्या म्हणून मंदिरांच्या दारात जात नाही. त्याने जाऊ नये असंच मला वाटतं. आणि दिल्लीच्या कुतुबमिनारपाशी असलेल्या कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या दारावरचा शिलालेख सांगतो, की तिच्या बांधकामात सत्तावीस मंदिरांचं सामान वापरलं. खांबांवरचं कोरीव काम आपल्या डोळ्यांना दिसतं. ते कोणी विरोधकाने लिहिलेलं नाही, बांधणाऱ्यांनीच अभिमानाने कोरून ठेवलंय. हे आपण आपल्या मुलांना आपल्या तोंडाने सांगितलं पाहिजे. आपण सांगितलं नाही तर कोणीतरी दुसरा सांगेल, आणि तो फक्त तेवढंच सांगेल.

म्हणजे मंदिराचा दगड मशिदीत, महालाचं लाकूड चर्चमध्ये, चर्चची घंटा मंदिरात. या देशात विजेत्यांनी पराभूतांच्या वस्तू नेल्या आणि आपल्या देवाघरी लावल्या. सगळ्यांनी लावल्या. यातून मार्ग दोनच निघतात. एक, प्रत्येक तुळई, प्रत्येक खांब आणि प्रत्येक घंटा उतरवायची, मालक शोधायचा, आणि मालकाचा मालक शोधत खाली तोडांपर्यंत जायचं. दुसरा, आज तिथे जो माणूस गुडघे टेकतो, त्याला कालच्या विजेत्याचा वारस समजून कोर्टात उभं करायचं नाही. उटीच्या त्या दारात भेटलेला सेवक लशिंग्टनचा वारस नव्हता. त्या आजी कंपनी सरकारच्या नातेवाईक नव्हत्या. चर्च आज चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे, तिथे तमिळ माणसं दुआ मागतात. त्यांच्याकडून टिपूची तुळई मागणं म्हणजे चोराला सोडून भाडेकरूला धरणं.

१९९१चा प्रार्थनास्थळ कायदा हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे स्थळ ज्या धर्माचं होतं, ते तसंच राहील. अयोध्येचा तेवढा अपवाद केला गेला. तो कायदा इतिहास नाकारत नाही. तो फक्त इतिहासाचा वापर आजच्या शेजाऱ्याला हुसकावण्यासाठी करू देत नाही.

इथे कोणी म्हणेल, तुमच्या मशिदींवर आज दावे पडतायत, म्हणून तुम्हाला हे तत्त्व सुचतंय. सत्ता तुमच्याकडे असती तर सुचलं असतं का? आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. तत्त्वाची परीक्षा ते आपल्याला महाग पडतं तिथेच होते. म्हणून स्वतःला विचारूया. इस्तंबूलची हागिया सोफिया नऊशेहून अधिक वर्षं चर्च होती, १४५३ नंतर मशीद झाली, १९३४ मध्ये तिचं संग्रहालय करायचं ठरलं. २०२० मध्ये तुर्कस्तानच्या सरकारने तिची पुन्हा मशीद केली, तेव्हा आपल्याकडच्या किती ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले? ज्यांना बाबरीचं दुःख आहे, त्यांनी तिथे मिठाई वाटावी हे मला समजलं नाही. न्यायालयाचा निकाल मिळाला, सरकार आपलं, संख्या आपली, म्हणून जुनी वास्तू घेतली, हा युक्तिवाद आपण कुठेतरी ऐकलाय ना? स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीचं १२३६ मध्ये कॅथेड्रल झालं. तिच्या कमानी पाहून कोणाही मुसलमानाच्या डोळ्यांत पाणी येईल. पण आज तिथे ख्रिश्चन प्रार्थना करतात. पाहायला जावं, इतिहास सांगावा. हक्क सांगू नये.

ही शिकवण बाहेरून उसनी आणायची गरज नाही. कुरआनमध्ये सूरह हज्जच्या चाळिसाव्या आयतीत मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनाघरं आणि मशिदी यांचा एका दमात उल्लेख आहे, अल्लाहचं नाव घेतलं जातं अशा जागा म्हणून, आणि त्या उद्ध्वस्त होण्यापासून वाचवल्या जाण्याबद्दल तिथे सांगितलंय. मशिदीचं नाव त्या यादीत शेवटी येतं, हे आपल्या खुतब्यांमधून अधिक वेळा ऐकायला मिळावं. हजरत उमर यांची जेरुसलेमची हकिकतही अनेकांना माहीत असेल. शहर ताब्यात आल्यावर तिथल्या मोठ्या चर्चमध्ये असताना नमाजची वेळ झाली. बिशपांनी तिथेच अदा करा म्हटलं. उमर यांनी नकार दिला आणि बाहेर येऊन नमाज अदा केली. कारण काय, तर उमर इथे नमाज पढले होते असं म्हणून उद्या मुसलमान या चर्चवर हक्क सांगतील. ही हकिकत लिहून ठेवणारा इब्न बतरीक स्वतः ख्रिश्चन धर्मगुरू होता. विजयाच्या दिवशी, कोणी अडवणारं नसताना, येणाऱ्या पिढ्यांच्या हावरेपणाचा विचार करून पाऊल मागे घेणं, ही आपली परंपरा आहे. हागिया सोफियाच्या वेळी ती आपल्याला का आठवली नाही?

याचा अर्थ लुटीबद्दल कधीच बोलू नये असा नाही. इबादतगाह आणि संग्रहालय यांत फरक आहे. लंडनच्या कपाटातल्या वाघासमोर कोणी सजदा करत नाही, कोणी प्रार्थना करत नाही. तिथे बोलता येतं, मागता येतं. त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या उसनवारीवर का होईना. सरकारांनी सरकारांशी, संग्रहालयांनी संग्रहालयांशी अशा वस्तूंबद्दल बोलावं. टिपूचा वाघही कधी श्रीरंगपट्टणला आला तर मी रांगेत उभा राहून बघेन. पण जिथे कोणाचं कपाळ टेकतं, तिथे कागद आणि कुदळ घेऊन जायचं नाही. एवढी एक रेघ आपण सगळ्यांनी मान्य केली तर बराच रक्तपात टळेल.

रक्तपात हा शब्द मी उगाच वापरत नाही. २०२२ मध्ये मुंबईतल्या मालवणीच्या एका मैदानाला टिपूचं नाव देण्यावरून आंदोलनं झाली. २०२३च्या जूनमध्ये औरंगजेब आणि टिपूच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. दुकानं फुटली, पोरांवर गुन्हे दाखल झाले. शाहू महाराजांच्या गावात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने एक चित्र लावलं, आणि त्याचं मोल त्याच्या बापाच्या गाड्याने, आईच्या झोपेने चुकवलं. त्या मुलाला टिपूबद्दल काय माहीत होतं? वाघ, तलवार आणि एक गाणं. दगड मारणाऱ्या मुलालाही तेवढंच माहीत होतं, फक्त उलट बाजूने. दोघांनाही मैदानात आणणारे मात्र घरात बसून होते. दोष दगड मारणाऱ्याचा मोठा आहे, यात शंका नाही. पण आपल्या मुलाच्या हातात चित्राऐवजी हकिकत देणं आपल्या हातात आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयांनी, शाळांनी, ईद मिलनाच्या कार्यक्रमांनी मुलांना ही मिश्र हकिकत सांगावी. श्रीरंगपट्टणला सहल नेली तर दर्या दौलत आणि गुम्बज दाखवून परत फिरू नका. शृंगेरीची पत्रंही सांगा आणि मंगळूरच्या कैद्यांचंही सांगा. भीमाशंकरची घंटा आणि कुव्वतुल इस्लामचे खांब एकाच तासात शिकवा. दुसऱ्याच्या इबादतगाहीत न्या. चप्पल कुठे काढायची, आवाज कसा खाली ठेवायचा, फोटोसाठी परवानगी कशी मागायची आणि नाही म्हटलं तर कसं हसून मागे यायचं, हे तिथेच शिकता येतं. आणि आपल्या मशिदीची दारंही तशीच उघडी ठेवा. नमाज संपल्यावर शेजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन मुलांना बोलवा, मिंबर काय, मेहराब काय, ते दाखवा. ज्या जागेत आपण एकदा पाहुणे म्हणून बसलो, तिच्याखाली खणायला हात सहज उचलत नाही.

उटीचं ते लाकूड सुलतानाच्या छताखाली होतं तेव्हा त्याला सत्ता म्हणत. हत्तींनी ओढलं तेव्हा लूट म्हणत. आज त्याच्याखाली तमिळ आजी नातवासाठी दुआ मागते. त्या दुआपेक्षा मोठा सातबारा मला तरी माहीत नाही.